फिनाइलचा हात आवरा, आधी वासाचा ठाव घ्या

लोकमान्य नगर, इंदूर येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात:

‘आमचा मोत्या नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर आहे. घर जुने, तळमजल्याचे आणि कोटा फरशीचे आहे. पावसाळा लागला की घरात त्याचा दर्प भरून राहतो. गेल्या महिन्यात नणंदबाई पुण्याहून आल्या आणि त्यांनी दारातच नाकाला रुमाल लावला. मला फार ओशाळल्यासारखे झाले. मी दिवसातून दोनदा फिनाइलने फरशी पुसते, संध्याकाळी धूप घालते, दिवाणात डांबराच्या गोळ्याही ठेवल्या आहेत, तरी दिवाणाच्या कोपऱ्यातला वास हटत नाही. मोत्याला दर रविवारी आमच्याच साबणाने आंघोळ घालतो. हल्ली तो सारखे कान झटकतो, पाणी फार पितो आणि कधीकधी रात्री घरातच लघवी करतो. तीन आठवड्यांनी गणपती, पाठोपाठ महालक्ष्म्या. सगळी मंडळी येणार. हे म्हणतात, मोत्याला आता गच्चीवर ठेवू या. काय करावे?’

ताई, बाकीचे उत्तर वाचण्याआधी उठून एक काम करा. दिवाणातल्या डांबराच्या गोळ्या काढून, बंद पिशवीत घालून घराबाहेर टाका. त्या नॅफ्थलिनच्या असतात. कुत्र्याने त्यातली एखादी जरी चघळली, तरी उलट्यांपासून रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होण्यापर्यंत आणि यकृताला इजा होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. देवघरातल्या कापराच्या वड्याही त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा, कारण पोटात गेलेला कापूर कुत्र्याला बाधतो.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे वळतो, जे तुम्ही शेवटी शेवटी सहज म्हणून लिहिले आहे. मोत्या कान झटकतो, पाणी फार पितो आणि नऊ वर्षे घराची शिस्त पाळल्यावर आता रात्री घरात लघवी करतो. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्राचा गाभा हाच आहे. घरात शिस्तीने वाढलेला कुत्रा उतारवयात असे वागू लागला, तर त्याला धाक दाखवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. पाणी जास्त पिणे आणि लघवी न आवरणे यांच्यामागे मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांपैकी काहीही असू शकते, आणि हे लघवीच्या व रक्ताच्या साध्या तपासणीतून कळू लागते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या, पसरट भांड्यात धरा, झाकणाच्या बाटलीत भरा आणि शक्य तितक्या लवकर दवाखान्यात पोहोचवा. उशीर होणार असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. नेहमीचे डॉक्टर उपलब्ध नसतील, तर 1955 साली स्थापन झालेले महूचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्या शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे आणि तिथे जनावरे तपासली जातात, हे इंदूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कानांचेही तसेच आहे. लॅब्रॅडोरचे कान खाली लोंबणारे असतात, त्यामुळे आत हवा खेळत नाही, आणि पावसाळ्यातल्या दमटपणात मॅलेसेझिया नावाची यीस्ट (एक सूक्ष्म बुरशी) तिथे फोफावते. तिचा वास खवट तेलासारखा, काहीसा आंबूस असतो. कानाची पाळी उलटून आत पाहा. तपकिरी मळ दिसला, कातडी लाल दिसली किंवा हात लावताच मोत्याने मान काढून घेतली, तर घरी तेल घालणे किंवा काडीने कोरणे टाळा; कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय आत कोणतेही औषध घालू नये. त्याच भेटीत पंजांच्या बेचक्या, दात आणि शेपटीखालच्या गुदग्रंथीही तपासून घ्या. दातांचे कीटण वाढून हिरड्या सडू लागल्या, तर तोंडाचा वास कुत्रा जांभई देतो तेव्हा खोलीभर पसरतो, आणि गुदग्रंथी भरल्या की कुजक्या मासळीसारखा एक विशिष्ट वास येतो व कुत्रा बूड फरशीवर घासत सरकतो. दात घासायचे ठरवलेत तर त्यासाठी कुत्र्यांची पेस्ट वेगळी मिळते. आपल्या पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेले झायलिटॉल असू शकते आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

निरोगी कुत्र्यालाही वास असतो, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरत असतो, तो केसांना लागतो, आणि त्या तेलावर जगणारे जिवाणू व यीस्ट वासाची द्रव्ये तयार करतात. कोरड्या अंगावर ती केसांना चिकटून बसलेली असतात. अंग भिजले की पाणी त्यांना सोडवते आणि सुकताना बाष्पाबरोबर हवेत नेते. म्हणून तोच मोत्या वैशाखात वासाचा वाटत नाही आणि आषाढात घर भरून टाकतो. यावरून निघणारा उपाय आंघोळी वाढवण्याचा नसून अंग कोरडे ठेवण्याचा आहे.

दर रविवारची आंघोळ बंद करा. आपल्या त्वचेची प्रकृती आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनाच्या जवळची असते. आपला साबण त्याला मानवत नाही. वारंवार धुतलेली कातडी कोरडी पडते, खाजते, आणि खाजवून ओरखडलेल्या कातडीवर जंतूंचे फावते. त्यातून तुमच्याकडे आंघोळीला बोरिंगचे जड पाणी वापरत असाल, तर साबणाचा चिकट थर केसांच्या मुळाशी बसतो आणि तोच पुढे वास धरतो. चार ते सहा आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांसाठीच्या शाम्पूने, शक्य असल्यास नर्मदेच्या नळाचे पाणी भरून ठेवून त्याने आंघोळ घाला आणि पोटाखालून पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवा. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला, तर मात्र वेळापत्रक त्यांचे पाळा. असा शाम्पू बहुधा दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो आणि ती दहा मिनिटे घड्याळ लावूनच मोजावीत, कारण ओल्या कुत्र्याजवळ उभे असताना तीन मिनिटेही दहा वाटतात.

लॅब्रॅडोरला दुहेरी केस असतात: वरचे राठ आणि पाणी झटकणारे, आतले मऊ आणि दाट. वरून हात फिरवला की तो कोरडा लागतो, पण बोटे आत घातली की लोकर ओली लागते. तुमच्या घरातल्या पावसाळी वासाचा मोठा भाग याच आतल्या ओलीत असावा, असे मला वाटते. दाराशी दोन जुने सुती टॉवेल टांगून ठेवा. फिरून आल्यावर एकाने पाणी टिपा, दुसऱ्याने केस उलटे करून मुळापर्यंत पुसा, मग पंजे, बेचक्या, काखा आणि कानांमागचा भाग पुसा. केस वाळवायचे यंत्र असेल तर कोमट हवेवर, हातभर अंतरावरून चालवा. रोज दहा मिनिटे बाहेरच्या ओट्यावर ब्रश करा, म्हणजे गळणारी लोकर घरात येण्याआधीच निघते आणि उरलेल्या केसांत हवा खेळते. वासाला कंटाळून काही जण लॅब्रॅडोरचे केस मशीनने काढून टाकतात, ते करू नका. ते केस त्याला ऊन आणि पाऊस या दोन्हींपासून सांभाळतात.

आता घर. घरातल्या माणसांचे नाक ओळखीच्या वासाला सरावलेले असते, म्हणून वास नेमका कुठे आहे हे तुम्हाला स्वतःच्या घरात उभे राहून कळणार नाही. सकाळी तासभर बाहेर फिरून या आणि घरात शिरल्यावर पहिल्या दोन मिनिटांत खोलीखोलीतून, गुडघ्यावर बसून, फरशीपासून दोन फुटांपर्यंत वास घ्या. कापडी वस्तूंसाठी मी एक रीत वापरतो. सतरंजी, उशीचा अभ्रा, मोत्याची गोधडी, दिवाणाच्या गादीची खोळ या वस्तू एकेका प्लॅस्टिक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवाव्यात आणि सकाळी मोकळ्या हवेत एकेक पिशवी उघडून हुंगावी. दोषी कोण ते लगेच कळते, आणि ज्यांचा काही दोष नाही त्या वस्तू उगाच धुण्याचे श्रम वाचतात. लघवीच्या जुन्या जागा शोधायला अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी मिळते. रात्री दिवे मालवून ती फिरवली की वाळलेले डाग पिवळट-हिरवट चमकतात. मोत्या नर आहे, तेव्हा फरशीबरोबर दिवाणाचे पाय, दाराची चौकट आणि भिंतीचा खालचा फूटभर भागही पाहा.

लघवीचा वास धुतल्यावरही परत का येतो? लघवीतल्या युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. शिवाय लघवीतली क्षार-द्रव्ये सांधीत, लाकडात, कापसात वाळून बसतात आणि हवेतला ओलावा मिळाला की पुन्हा वास सोडतात. फिनाइल त्यावर आपला वास चढवते, पण ती द्रव्ये तिथेच राहतात. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असल्यामुळे त्याला फिनाइलच्या खालची जुनी खूण स्पष्ट कळते, आणि खूण असलेल्या जागी तो पुन्हा तेच करतो. फिनाइलचा आणखी एक दोष आहे. काळ्या फिनाइलमध्ये फेनॉलवर्गीय द्रव्ये असतात. ओल्या फरशीवरून चाललेला कुत्रा पंजे चाटतो आणि ती पोटात जातात, पंजांची कातडीही पोळते. दिवसातून दोनदा फिनाइल, तेही नऊ वर्षांच्या आणि बहुधा आजारी असलेल्या कुत्र्याच्या घरात, हे मला योग्य वाटत नाही.

त्याऐवजी एन्झाइम असलेले क्लीनर आणा. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते. त्यातली एन्झाइम वासाच्या द्रव्यांचे लहान तुकडे करतात, मात्र त्यासाठी ओलावा आणि वेळ लागतो. बहुतेक लोक शिंपडतात, लगेच पुसतात आणि उपयोग झाला नाही म्हणतात. आधी जागा साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून फिनाइलचा अंश काढा, कारण जंतुनाशकाने एन्झाइमचे काम अडते. मग लघवी जितकी मुरली असेल तितकेच क्लीनर मुरू द्या. वर ओले फडके अंथरा म्हणजे ते लवकर वाळणार नाही, आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ ठेवू नका. नंतर आपोआप वाळू द्या. एक-दोन दिवस वास वाढल्यासारखा वाटेल. तेवढ्यात फिनाइलची बाटली काढू नका. जुन्या डागाला दोन-तीन हात लागतात.

कोटा फरशी असल्यामुळे एक विशेष सूचना. लघवीवर पांढरे व्हिनेगर घालावे, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि अमोनियावर ते खरोखर चालतेही. पण कोटा हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर आणि संगमरवरावर व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचे ॲसिड पडले की पॉलिश खाल्ले जाते. आमच्या जुन्या घरी मी स्वतः घाईत ॲसिडने एक कोपरा घासला होता. वास गेला नाही, उलट खरखरीत झालेल्या दगडात पुढची लघवी अधिकच मुरू लागली आणि तो पांढुरका चट्टा घर सोडेपर्यंत माझ्या डोळ्यांना टोचत राहिला. व्हिनेगर वापरायचे तर धुता येणाऱ्या कपड्यांवर, निम्मे पाणी घालून वापरा. फरशीच्या सांधी उकललेल्या असतील तर त्या स्वच्छ झाल्यावर मिस्त्रीला बोलावून नव्याने भरून घ्या. माझ्या अनुभवात जुन्या घरांतला निम्मा वास या सांधींतच असतो. चौकटीचे लाकूड क्लीनरने धुऊन पूर्ण वाळल्यावर त्यावर पॉलिशचा हात द्या.

इथेच एक धोका स्पष्ट सांगतो. लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकू नका, आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र करू नका. पहिल्यातून क्लोरामाइनची, दुसऱ्यातून क्लोरिनची विषारी वाफ निघते. बंद न्हाणीघरात ती कुत्र्याला आणि तुम्हालाही घातक ठरेल.

दिवाणाची गादी कापसाची असेल आणि कोपऱ्यात वारंवार लघवी मुरली असेल, तर मी तुम्हाला ती वाचवण्याचा सल्ला देणार नाही. क्लीनर कापसाच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही, पोहोचले तर ते वाळत नाही, आणि श्रावणातल्या इंदुरी ढगाळ हवेत न वाळलेल्या गादीला बुरशीचा दुसरा वास लागतो. तो कापूस टाका, नवीन भरून घ्या आणि वर पाणी न झिरपणारी, चेन लावलेली खोळ घाला. मोत्याच्या अंथरुणाला मात्र गादी नकोच. दोन पातळ सुती गोधड्या आणि चार अभ्रे असू द्या. आठवड्याला एक जोडी गरम पाण्यात, केस झटकून, कमी साबणात धुवा. ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली वाळवून शेवटी इस्त्री फिरवा. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासे होतात.

खाण्याचा सोडा उपयोगी आहे, पण त्याची जितकी स्तुती होते तितका नाही. सोफ्यावर रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला तर वरवरचा वास कमी होतो. मुरलेल्या लघवीपुढे त्याचे काही चालत नाही. तो करताना मोत्याला त्या खोलीत येऊ देऊ नका, चाटून जास्त पोटात गेला तर त्रास होतो. टी ट्री तेलासारखी सुगंधी तेले घरात आणूच नका. कातडीवाटेही ती कुत्र्याला विषारी ठरतात. धूप पूजेपुरता असू द्या. दर्प झाकण्यासाठी कोंडलेल्या खोलीत केलेला धूर मोत्याच्या श्वासाला जड जातो, आणि पाहुण्याला धूप अधिक कुत्रा असा तिसराच वास येतो.

हवेचे काम हवेनेच होते. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा. पंख्याची पाती पुसा, एसी असेल तर त्याची जाळी दर पंधरवड्याला धुवा आणि उन्हाळ्यातला कूलर अजून खोलीत असेल तर त्याच्या ओल्या ताट्या काढून टाका, कारण कुत्र्याची लोकर आणि कातडीचा कोंडा याच ठिकाणी साचून कुजतो. मोत्याची जेवणाची आणि पाण्याची भांडी रोज घासा. पाण्याच्या भांड्यात आतून बुळबुळीत थर लागतो, त्यालाही वास असतो.

गच्चीचे काय? तुमच्या यजमानांना माझ्या वतीने हे सांगा. मोत्या आज गच्चीवर गेला तरी दिवाणाच्या कापसातली, सांधीतली आणि चौकटीतली लघवी घरातच राहणार आहे, म्हणजे वास कमी होणार नाही. उलट पावसात तो सतत ओला राहील, कान आणखी बिघडतील, आणि जास्त पाणी पिणाऱ्या, वय झालेल्या कुत्र्याकडे दिवसभर कोणाचे लक्ष नसेल. नऊ वर्षे तुमच्या पायांशी झोपलेल्या जिवाला, तो दुखण्यात असताना, नजरेआड करू नये, असे मला मनापासून वाटते. आजाराचे निदान होईपर्यंत त्याला झोपण्यापूर्वी उशिरा आणि पहाटे लवकर, अशा दोन जादा फेऱ्या द्या. त्याचे पाणी मात्र तोडू नका. ज्या आजारांचा संशय आहे, त्यांत पाणी तोडणे जिवावर बेतू शकते.

तीन आठवडे पुरेसे आहेत. या आठवड्यात दवाखाना, गोळ्यांची आणि गादीची विल्हेवाट आणि वासाचा शोध. पुढचा आठवडा क्लीनरचे दोन-तीन हात आणि सांधी. त्यानंतर सगळे नुसते कोरडे राहू द्यायचे. आंघोळ गणपतीच्या चार दिवस आधी घाला, आदल्या दिवशी नको, म्हणजे आतली लोकर नीट वाळलेली असेल. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत सोवळ्याच्या स्वयंपाकघराला आणि मखराच्या खोलीला लहान मुलांसाठी लावतात तसले लाकडी फाटक लावले तर मोत्यालाही माणसे दिसत राहतील आणि सासूबाईंचाही जीव खाली पडेल. पाहुण्यांच्या बॅगा आल्या आल्या जमिनीवर ठेवू नका, पलंगावर किंवा कपाटावर ठेवा. परगावचा वास घेऊन आलेल्या बॅगेवर पाय वर करण्याचा मोह नर कुत्र्याला होतो, म्हणून मंडळी दारात शिरण्यापूर्वीच कोणीतरी त्याला गल्लीतून एक फेरी मारून आणावी.